आवाज नेहमी दुसऱ्याचा

आवाज हा नेहमी दुसऱ्याचा असतो. आपण करतो ते गाणं असतं, भजन असतं, मुलांचं पाठांतर असतं, फार तर मोकळेपणाने केलेली चर्चा असते. शेजारी करतो तो आवाज. हे तत्त्व मी लहानपणापासून उराशी बाळगून आहे आणि त्यात काही खोट असेल अशी शंका मला साठी उलटेपर्यंत आली नव्हती. यायचं कारणही नव्हतं. कारण मी स्वतः कोंगो वाजवतो.

कोंगो ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. कमरेइतक्या उंचीचे, मधे पोट सुटलेले दोन ढोल असतात. ते तळहातांनी बडवायचे. हे वाद्य मूळचं क्यूबाकडचं. तिथून ते फिरत फिरत आपल्या हिंदी सिनेमाच्या संगीतात आलं आणि सिनेमातून ऑर्केस्ट्रात. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात चमचमत्या कोटातला कोंगोवाला पाहिला. तो वाजवता वाजवता पहिल्या रांगेकडे बघून हसत होता आणि पहिली रांगही उलट हसत होती. त्याच रात्री माझ्या आयुष्याचं ध्येय ठरलं. पुढे ध्येय आणि आयुष्य यांची गाठ न पडल्यामुळे मी बँकेत लागलो. पण १९८४ च्या दिवाळीला बोनस हातात आला, तेव्हा घरी फ्रिज येणार होता त्या जागी कोंगो आले. "फ्रिजचासुद्धा आवाज येतोच की," मी म्हणालो. "हो, पण त्यातून बर्फ तरी निघाला असता," असं आमची ही म्हणाली. हा संवाद आमच्याकडे वर्षातून दोनदा तरी होतो. पाठ झाला आहे.

निवृत्तीनंतर आम्ही पाच जणांनी मिळून एक ग्रुप काढला. त्याचं नाव काय ठेवायचं यावर अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे तूर्त त्याला नाव नाही. नाना ॲकॉर्डियन वाजवतात. ते वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत आणि भात्यात हवा भरताना अजूनही लोडशेडिंगच्या काळातला संयम दाखवतात. गायला एक काकू आहेत. शाळेत चाळीस वर्षं शिकवल्यामुळे त्यांना माईकची गरज नाही, पण तो समोर नसला तर त्यांना गायल्यासारखं वाटत नाही. अण्णा की-बोर्डवर. गिटारवर एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. आमच्यात काळे केस असलेला तो एकटाच, म्हणून फोटोत त्याला मधे उभा करतो. आणि तालाला मी.

आम्ही वाजवतो ते ठिकाण म्हणजे पुण्यातल्या एका इमारतीचं तळमजल्यावरचं छोटं सभागृह. नव्वद खुर्च्या, त्यांतल्या चौऱ्याऐंशींना पाठी आहेत. इतर दिवशी तिथे साखरपुडे, मुंजी आणि साड्यांचे सेल असतात. रविवारी दुपारी मात्र पुण्यात कोणी साखरपुडासुद्धा करत नाही, म्हणून ती वेळ आम्हाला स्वस्तात मिळते. महिन्यातून दोन रविवार, दुपारी तीन ते सहा, जुनी गाणी. डोक्यावर तीन मजले राहत्या घरांचे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एके दिवशी सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि आपला मोबाईल पुढे केला. त्यात आवाज मोजायची सोय होती. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आणि त्यावर थरथरणारा काटा. "हा काटा लालमध्ये गेला की मी मेन स्विच बंद करणार," ते म्हणाले. आम्हाला ती नुसती धमकी वाटली. पण ते शब्दाचे पक्के निघाले. तिसऱ्याच गाण्याच्या अंतऱ्याला दिवे गेले, पंखे गेले, माईक गेला, अण्णांचा की-बोर्ड गेला. उरले नानांचं ॲकॉर्डियन आणि माझे कोंगो. कोंगोला वीज लागत नाही ही गोष्ट व्यवस्थापकांच्या त्या दिवशी प्रथमच ध्यानात आली. अंधारात ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे होते.

मग आमचा ध्वनिशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. त्यात असं कळलं की डेसिबल हे मोठं फसवं प्रकरण आहे. साठ आणि सत्तर यांत आपल्याला दहाचाच फरक दिसतो, पण आवाजाची ऊर्जा दहापट झालेली असते. कानाला मात्र तो साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे कान मुळातच क्षमाशील आहे. उलट, वाजवणारे निम्मे केले तरी तीनच डेसिबल कमी होतात. हे समजल्यावर आमच्यातल्या एक-दोघांचा जीव भांड्यात पडला.

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही, हे ज्ञान प्रत्येक वादकाला जन्मतःच असतं. त्याप्रमाणे कोपऱ्यावरच्या अंडाबुर्जीवाल्याकडून आम्ही दोनशे चाळीस ट्रे आणले आणि शनिवारी रात्री जागून भिंतींना लावले. गिटारवाला पोरगा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला की पुठ्ठ्याने फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी होतो. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते. हे त्याने शनिवारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कारण सोमवारी तिथे मुंज होती आणि बटूच्या आजीने हॉलमध्ये पाऊल टाकताच नाकाला पदर लावला.

शिवाय टाळ्या! आम्ही सगळे जीव मुठीत धरून हळू वाजवायचो, काकू ओठांतल्या ओठांत गायच्या, गाणं संपेपर्यंत काटा हिरव्यात. आणि शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या की काटा थेट लालमध्ये. तेव्हा काकूंना जाहीर करावं लागलं की गाणं आवडल्यास रसिकांनी टाळ्या न वाजवता नुसते हात हलवावेत. पहिल्या गाण्यानंतर सगळ्या सभागृहाने हात हलवले. एका आजोबांना वाटलं कार्यक्रम संपला. तेही सगळ्यांना हात हलवून निरोप देत घरी गेले.

एवढा त्रास कुणासाठी सोसायचा म्हणून मी नियम काय आहे तेच बघायचं ठरवलं. आपल्याकडे २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत सकाळी सहा ते रात्री दहा ५५ डेसिबल, रात्री ४५. खासगी जागेतल्या वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचाहून अधिक वर जाता कामा नये. म्हणजे दिवसा साठ. साठ म्हणजे समोरासमोर बसून केलेलं साधं बोलणं. ड्रमसेट म्हटला की शंभराच्या घरात जातो. मी एकदा सभागृहाच्या फाटकात उभा राहून मोजून पाहिलं. आम्ही अजून वाद्यांच्या खोळीसुद्धा काढल्या नव्हत्या आणि काटा ७१ वर होता. एक रिक्षा, दोन स्कूटर आणि एक भाजीवाला मिळून आमचा कोटा संपवून बसले होते.

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला भाग. सणासुदीला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. बंद सभागृहाला दहाच्या नियमातून सवलत आहे, पण आवाज भिंतीबाहेर गेला की पुन्हा हद्दीचं मोजमाप आलंच. या दहाच्या काट्याने मोठमोठ्यांना नमवलं आहे. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. त्याच्या मैफली रात्रभर चालून पहाटे संपत, घोंगडी पांघरून लोक भैरवीची वाट पाहत बसत. पुढे त्यालाही दहाच्या आत आवरतं घ्यावं लागलं. मग रात्रीच्या तिसऱ्या प्रहराच्या रागांनी कुठे जायचं? मालकंसाने घड्याळ लावून यायचं का? असे प्रश्न मला पडले आणि मी एकदम मोठ्या परंपरेचा वारसदार असल्यासारखा कोंगोवर हात ठेवून बसलो. माणसाला गोंगाट करायचा असला की त्याला परंपरेची फार आठवण होते.

कायदा तरी आमच्या बाजूने होता. आम्ही दुपारी वाजवत होतो आणि कायद्याने दुपार म्हणजे दिवस. पुण्यात हे कुणाला पटवून द्यायला जाऊ नये, पण आहे तसं.

आणि एका रविवारी सिस्टर आल्या.

आल्या म्हणजे आम्हाला दिसल्या. त्या आधीची दोन गाणी दार वाजवत होत्या. दाराच्या काचेतून एक हात वरखाली होताना मी पाहिलाही होता. माझी अशी समजूत झाली की कुणीतरी ठेका धरलाय. मी त्या दिशेला बघून हसलोसुद्धा, चमचमत्या कोटातल्या त्या माणसासारखा. गाणं संपल्यावर दार उघडलं तर समोर तिशी-पस्तिशीच्या बाई, डोळे लाल, केस विस्कटलेले.

"काका, मी वर पहिल्या मजल्यावर राहते. नर्स आहे. या आठवड्यात नाईट आहे माझी. सकाळी नऊला आले, स्वयंपाक केला, बाराला पडले. आठला परत जायचंय."

आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर फार सोपं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. दमलेल्याला काय देणार? काकूंनी पाणी दिलं. नानांनी खुर्ची पुढे केली, ती नेमकी बिनपाठीची निघाली. सिस्टर बसल्या नाहीत. "बघा काही जमलं तर," एवढं म्हणून त्या गेल्या. आम्ही उरलेली गाणी रद्द केली आणि तिथेच बैठक भरवली.

नाना म्हणाले, "सभागृह १९८१ सालचं आहे. या बाई आल्या गेल्या जूनमध्ये. आधी कोण?"

हा मुद्दा बिनतोड होता. आणि गंमत म्हणजे तो परदेशातही निघाला. गिटारवाल्याने सांगितलं की ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली असाच नियम केला आणि इंग्लंडनेही २०१८ साली आपल्या नगररचनेच्या धोरणात तो घेतला. संगीताची जागा आधीपासून असेल आणि तिच्या शेजारी कुणी नव्याने घरं बांधली, तर आवाज अडवायचा खर्च त्या नव्या माणसाने करायचा. मला हा नियम फार आवडला, कारण तो मला लहानपणापासून पाठ आहे. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकतात तोच हा. ज्याचा रुमाल आधी पडला त्याची जागा.

पण रुमालाच्या कायद्यातही एक पोटकलम आहे. रुमाल टाकून जागा धरलेला माणूस निवांत बसलेला असतो आणि पुढच्या थांब्यावर कडेवर मूल घेतलेली बाई चढते. तिचा रुमाल कुठेच नसतो. कायद्याने तुम्ही बसून राहू शकता. पण मग तुम्हाला खिडकीबाहेर फार निरखून बघत राहावं लागतं. शिवाय इंग्लंडातल्या त्या नियमाचा रोख इमारती बांधणाऱ्यांवर आहे. सिस्टरनी इमारत बांधलेली नव्हती. पगारात बसेल अशी एक खोली भाड्याने घेतली होती.

मग अण्णा म्हणाले, "अहो, पण आपण काही डीजे लावत नाही. चांगली गाणी वाजवतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली आणि मधेच थांबलो. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीकरची भिंत उभी राहिली होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, भांडी मांडणीवर चालायला लागली होती. मी तावातावाने ११२ ला फोन केला आणि नंतर खाली जाऊन मंडळाच्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं. त्यांच्यातला एक जण अगदी कळवळून म्हणाला होता, "काका, चांगली गाणी आहेत हो! ऐका तरी!" त्या पोराचा मला तेव्हा राग आला होता. आता तो माझ्या शेजारी अण्णांच्या रूपात की-बोर्डची वायर गुंडाळत होता.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा एक मोठा निकाल आहे. रिकामपणी मी त्याबद्दलचं बरंच वाचून काढलं. त्यातला मुद्दा घरगुती भाषेत सांगायचा तर असा, की तुला बोलायचा हक्क आहे, पण दुसऱ्याने ऐकलंच पाहिजे अशी सक्ती करायचा नाही. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. नको असलेलं पुस्तक मिटता येतं, नको असलेलं कोंगोवादन मिटता येत नाही. इथपर्यंत मी मान हलवत वाचत होतो. पण हे प्रकरण न्यायालयात गेलं त्याच्या मुळाशी एक घटना होती, ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला होता. ती मदतीसाठी ओरडत होती आणि शेजारच्या लाउडस्पीकरवरच्या गाण्यांमुळे तिच्या हाका कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. पुढे तिने जीव दिला. ती गाणी कदाचित चांगलीही असतील. लावणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. त्यांना फक्त दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आमची गोष्ट इतकी भयंकर मुळीच नव्हती. पण दाराच्या काचेमागचा तो वरखाली होणारा हात मला आठवत राहिला. मी त्याला ठेका समजलो होतो. मोठ्या आवाजाने दुसऱ्याची झोप मोडते हे खरंच, पण आधी आपलं ऐकणं मोडतं. आणि ते मोडल्याचा पत्ता आपल्याला लागत नाही, कारण आपल्याला त्या वेळी फार छान वाटत असतं.

पुढच्या रविवारी मी एक प्रयोग सुचवला. सिस्टरची त्या दिवशी दिवसपाळी होती. त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. बाकीचे खाली वाजवणार आणि मी वर जाऊन ऐकणार. पण माझे कोंगो कोण वाजवणार? गिटारवाला पोरगा तयार झाला. (त्याने ते माझ्याहून बरे वाजवले, हे मी कंसात सांगून टाकतो.)

सिस्टरची खोली आमच्या व्यासपीठाच्या बरोबर वर होती. एक पलंग, एक कपाट, खिडकीला काळा कापडी पडदा, उशाशी घड्याळ. पलंगावर बसायचं धाडस झालं नाही, मी जमिनीवर बसलो. फोनवरून "करा सुरू" म्हटलं आणि कान लावून बसलो.

गाणं ऐकू आलंच नाही. काकूंचा आवाज नाही, ॲकॉर्डियन नाही, ज्या गिटारच्या तुकड्यासाठी आम्ही महिनाभर घासलं तो तुकडा नाही. आलं ते फक्त धप्प. मग धप्प-धप्प. थोडा वेळ काही नाही आणि पुन्हा धप्प. आवाज हवेतून येत नव्हता, फरशीतून माझ्या मांड्यांत शिरत होता. घड्याळाशेजारचं स्टीलचं फुलपात्र प्रत्येक धप्पला बारीक किणकिणत होतं. वाईट भाग म्हणजे धप्प केव्हा येणार याची वाट पाहत बसावं लागत होतं. गाणं माहीत असूनही मला मधल्या जागा भरता येईनात.

खाली फोन करून विचारलं, "काटा कुठे आहे?" "हिरव्यात!" नाना आनंदाने ओरडले.

नंतर गिटारवाल्याने यातलं शास्त्र सांगितलं. काटा खाली सभागृहात होता आणि मी वर, हा एक भाग. पण हे मीटर आवाज मोजतात ते माणसाच्या कानाच्या हिशेबाने, आणि बारीक आवाजात कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं. म्हणून सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपासचा घुमणारा आवाज असेल तर मीटर त्यातले एकोणीस डेसिबल सूट म्हणून सोडून देतो. भिंती आणि स्लॅब बरोबर उलटं करतात. बारीक, गोड, वरचे सूर अडवून ठेवतात आणि खर्जाला वाट देतात. त्यातून कोंगो लाकडी व्यासपीठावर उभे, म्हणजे व्यासपीठ हाच तिसरा कोंगो. खाली जे संगीत होतं त्यातलं सगळं संगीत सिमेंटने गाळून घेतलं होतं आणि सिस्टरच्या वाट्याला चोथा पाठवला होता.

मला आमच्या जुन्या वाड्यातली एक गोष्ट आठवली. खालच्या बिऱ्हाडात सणाला पुरणपोळ्या व्हायच्या. आमच्या खोलीत यायचा तो फक्त करपल्याचा वास. खालच्या काकू जिन्यात भेटल्या की कौतुकाने विचारायच्या, "वास आला ना पोळ्यांचा?" त्यांना खरंच वाटायचं की आम्हालाही सणाचा वाटा मिळाला. तसंच आम्हाला वाटत होतं. आम्ही खाली जेवत होतो, वर करपट पाठवत होतो आणि वरून पुन्हा विचारत होतो, चांगली गाणी आहेत, ऐकत का नाही?

गेली कित्येक वर्षं मी कोंगो वाजवतोय, पण मी काय वाजवतो ते मला त्या दिवशी समजलं. स्लॅबमधून वर जाणारं सगळंच्या सगळं माझं होतं. घरी येऊन हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "यासाठी परक्या घरात जाऊन जमिनीवर कशाला बसायचं? मला विचारायचं."

संध्याकाळी किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा मी सिस्टरना सांगून टाकलं की आम्ही कार्यक्रम बंद करतोय. अपराधी माणसाला त्यागाची फार घाई असते. त्या माझ्याकडे चमकून बघायला लागल्या.

"बंद करा असं कुठं म्हणाले मी? रविवारी तेवढेच लोक जमतात इथं. कधी वाजवणार ते आधी कळवा ना. त्या आठवड्यात मी डे मागून घेईन, नाहीतर मैत्रिणीकडे झोपायला जाईन. अचानक सुरू होतं त्याचा त्रास होतो, काका. आज आहे की नाही हेच माहीत नसतं."

कायदा माझ्या बाजूने होता, रुमाल माझा होता, परंपरा माझी होती. आणि त्यातलं काहीच जवळ नसलेली बाई स्वतःची पाळी बदलून घ्यायला निघाली होती. आम्ही डेसिबल मोजले, अंड्यांचे ट्रे मोजले, नियमांची कलमं मोजली. एक जिना चढून "तुमची झोप केव्हा असते?" एवढं विचारायचं आमच्या पाचांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. लाज वाटायला साठ डेसिबलसुद्धा लागत नाहीत, हे मला त्या जिन्यात कळलं.

तेव्हापासून आमच्या कार्यक्रमाच्या तारखा एका रुग्णालयाच्या ड्यूटीच्या तक्त्यावर ठरू लागल्या. महिन्याच्या शेवटी सिस्टर नानांना तक्ता पाठवायच्या आणि नाना पंचांग बघावं तसे त्यात मुहूर्त बघायचे. सिस्टरची नाईट असेल तो रविवार आमचा निषिद्ध. अगदीच अडलं तर वाजवायचं, पण कोंगोविना. त्या दिवशी माझ्या हातात एक खुळखुळा दिला जायचा. ज्याने बोनस घालून कोंगो आणले त्याने खुळखुळा वाजवायचा, यात एक काव्यात्म न्याय आहे असं ही म्हणते. खुळखुळ्याच्या रविवारी काकूंचे शब्द नीट कळतात असं दोन-तीन रसिकांनी मुद्दाम येऊन सांगितलं. मी त्यांना हात हलवून निरोप दिला.

आता तुम्ही म्हणाल, असं प्रत्येकाच्या झोपेचं वेळापत्रक बघत बसलं तर शहरात कुणी वाजवायचंच नाही का? कुणीतरी कधीतरी झोपलेलं असणारच. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या गावात रविवारी दुपारी कुठूनच वाद्य ऐकू येत नाही, त्या गावात राहायला मलाही आवडणार नाही. सिस्टरनाही आवडलं नसतं. काट्याचा नियम हवाच. तो नसता तर स्पीकरच्या भिंती बारा महिने उभ्या राहिल्या असत्या. मला एवढंच वाटतं, की नियम आपल्याला किती वाजवायचं ते सांगतो, कुणाच्या डोक्याखाली वाजवतोय ते सांगत नाही. ते बघायला जिना चढावा लागतो. आणि जिना चढून गेलं की बहुतेक वेळा वरचा माणूस आपल्याहून दोन पायऱ्या खाली उतरून आलेला असतो.

सहा महिन्यांनी सिस्टरना नाशिकला नोकरी मिळाली. जाताना पेढे द्यायला आल्या, एक गाणं पहिल्यांदाच खाली बसून ऐकलं आणि म्हणाल्या, "अय्या, याला गाणं पण आहे!" आम्ही सगळे हसलो. मी जरा कमी हसलो.

त्यानंतर तक्ता यायचा थांबला. सगळे रविवार आमचे झाले. अण्णा म्हणाले, "आता काही तक्रार नाही, कोंगो काढा!" मी काढले, खाली हिची जुनी गोधडी घातली, हात वर उचलले आणि ते तसेच राहिले. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं मला आता खात्रीने म्हणता येईना. "दोन मिनिटं थांबा," म्हटलं आणि जिना चढून गेलो.

दार एका तरुण मुलाने उघडलं. संगणकावर काम करणारा असावा. गळ्यात हेडफोन होते. मी सगळी हकीकत सांगितली. आम्ही खाली वाजवतो, तुमची झोपेची वेळ कुठली, आवाजाचा त्रास होतो का, संकोच करू नका.

तो ऐकत राहिला आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे ते तुम्ही वाजवता? मला वाटलं टाकीत पाणी चढवायचा पंप आहे!"

मी म्हटलं, "नाही, कोंगो आहेत. मीच वाजवतो."

"असू द्या काका, चालेल," तो मला धीर देत म्हणाला. "फक्त पंपासारखे तेवढे अर्ध्या तासाने बंद करत जा."